मित्राच्या लँडस्केप फोटोवर बोलताना: आधी नजर, मग उपाय

कोकणकड्यावरचा सूर्यास्त, भंडारदऱ्याचं बॅकवॉटर किंवा कासचा सडा असा एखादा फोटो समोर आला की पहिल्या पाच सेकंदांत तोंडून निघतं, "जबरदस्त!" नाहीतर, "जरा ओव्हर एडिट वाटतंय." दोन्हींतून फोटो काढणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. नेमकं काय जबरदस्त होतं हे न कळल्यामुळे पुढच्या खेपेला ते त्याला पुन्हा जमवता येत नाही. आणि ओव्हर म्हणजे कुठे आणि किती हे न कळल्यामुळे तो सगळेच स्लायडर मागे ओढतो आणि बरा फोटो फिका करून बसतो.

त्याच्या उपयोगाची एक गोष्ट तुमच्याकडे असते, जी त्याच्याकडे असूच शकत नाही. तो पहाटे चारला उठून गड चढलेला असतो. वारा, थंडी, ढग फुटून ऊन पडलं तो क्षण, सगळं त्याला त्या चौकटीत दिसतं. तुम्हाला फक्त चौकट दिसते. म्हणून तुमची नजर फोटोत कुठून शिरली, कुठे थांबली, कुठे अडखळली आणि कुठून बाहेर पडली, हे सांगणं हे अभिप्रायाचं पहिलं काम. चांगला-वाईट हा निकाल त्यानंतर, आणि बऱ्याचदा त्याची गरजही उरत नाही.

आधी स्क्रीन तपासा

व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने आलेला फोटो लांब बाजूने साधारण १६०० पिक्सेलवर येतो आणि वरून दाबलेला असतो. त्यावर शार्पनेस, नॉइज किंवा आकाशातले रंगांचे पट्टे यांबद्दल बोलू नका. ते दोष फोटोचे आहेत की पाठवण्याचे, हे तिथे कळत नाही. बारकाव्यांवर बोलायचं असेल तर मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवून घ्या. मोबाइलचा नाइट मोड किंवा डोळ्यांसाठीचा पिवळसर मोड चालू असेल तर बंद करा, ब्राइटनेस मधोमध ठेवा, आणि डिस्प्ले 'व्हिव्हिड'वर असेल तर नॅचरलवर आणा. रात्री अंधाऱ्या खोलीत पूर्ण ब्राइटनेसवर पाहिलेला फोटो हमखास जास्त उजळ वाटतो आणि आपण उगाच "एक्सपोजर कमी कर" सांगून मोकळे होतो.

फोटो उलट दिशेने, म्हणजे लॅपटॉपवर छान आणि मोबाइलवर मरगळलेला दिसत असेल तर आधी कलर स्पेस, म्हणजे फाइलमधले रंग नोंदवण्याची पद्धत, विचारा. ॲडोबी आरजीबीमध्ये एक्सपोर्ट केलेला फोटो काही ॲप्समध्ये फिका दिसतो. एसआरजीबीमध्ये पुन्हा एक्सपोर्ट केला की काम होतं. एडिटिंगवर लांबलचक बोलण्याआधी हा एक प्रश्न वेळ वाचवतो.

पहिलं अर्धं मिनिट

फोटो पूर्ण स्क्रीनवर घ्या आणि तीस सेकंद काही लिहू नका. नजर आपोआप जाते ती सगळ्यात उजळ जागेकडे, सगळ्यात जास्त काळ्या-पांढऱ्याच्या सीमेकडे, माणसाकडे, अक्षरांकडे आणि लाल-केशरी रंगाकडे. कोपऱ्यात पडलेली केशरी सॅक किंवा वनखात्याची पाटी अख्ख्या दरीला मागे टाकते ती यामुळेच. कुठे गेली ते लक्षात ठेवा.

मग फोटो अंगठ्याच्या नखाएवढा लहान करून पाहा. तपशील गेले की आकार उरतात. गडाचा आकार आकाशापासून सुटा दिसतो का? पुढचा कातळ आणि मागचा डोंगर एकाच काळ्या डागात मिसळलेत का? त्यानंतर फोटो आडवा उलटा करा, डावं उजवीकडे. ओळखीची जागा अनोळखी झाली की एका बाजूला झुकलेला तोल चटकन दिसतो. शेवटी चारही कडांवरून नजर फिरवा. अर्धी कापलेली फांदी, ट्रायपॉडचा पाय, शेजाऱ्याच्या टोपीचं टोक हे सगळं कडांवर सापडतं. ते काढणाऱ्याला दिसत नाही, कारण शटर दाबताना त्याचं लक्ष मध्यावर असतं.

काय साधायचं होतं, ते विचारा

"या फोटोत बघणाऱ्याने आधी काय पाहावं असं तुला वाटत होतं?" हा एक प्रश्न बहुतेक वाद टाळतो. त्याला दरीत उतरणारं धुकं दाखवायचं असेल आणि तुम्ही सुळक्याच्या शार्पनेसवर बोलत असाल, तर दोघांचा वेळ गेला. मात्र हा प्रश्न तुमची पहिली नजर टिपून झाल्यावरच विचारा. आधी विचारलात तर त्याने सांगितलेलंच तुम्हाला दिसायला लागेल.

काय तपासायचं आणि कोणत्या शब्दांत सांगायचं

सह्याद्रीत क्षितिजाचा प्रश्न फसवा असतो. समुद्रासारखी सरळ रेघ क्वचितच मिळते. डोंगराची सोंड, उतरतं पठार, ढगांची तिरकी कड यामुळे सरळ फोटोही वाकडा वाटतो. धरणाच्या फोटोत लोक पलीकडचा काठ बघून "फोटो तिरका आहे" म्हणतात. पण काठ आपल्यापासून लांब जात असेल तर तो फोटोत तिरकाच दिसणार. खात्रीची कसोटी प्रतिबिंबाची आहे. डोंगराचं टोक आणि पाण्यातलं त्याचं टोक जोडणारी रेघ फ्रेमच्या उभ्या कडेला समांतर आहे का पाहा. समांतर असेल तर फोटो सरळ आहे, काठ काहीही म्हणो. कड्यांतले बसाल्टचे आडवे थरही मदतीला येतात, पण कडा अगदी समोरून टिपलेला असेल तरच.

खरोखर तिरका असेल तर अंदाजे अंश सांगा. ६००० पिक्सेल रुंद फोटोत एक अंशाचा कल म्हणजे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सुमारे १०५ पिक्सेलची चढण. तेवढी बघणाऱ्याला जाणवते, पण का जाणवतेय ते सांगता येत नाही. सरळ करताना कोपरे कापले जातात, हेही त्याच वाक्यात सांगा. कोपऱ्याला टेकलेला बुरूज त्यात जाणार असेल तर तो सल्ला निरुपयोगी ठरतो.

"रूल ऑफ थर्ड्स (फ्रेमचे उभे-आडवे तीन समान भाग धरून रचना करण्याचा नियम) पाळला नाहीस" ही टीका जितकी सोपी तितकीच पोकळ. हे नाव १७९७ साली जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज खोदचित्रकाराने दिलं, आणि निसर्गचित्राच्या बाबतीत त्याचं उदाहरण होतं आकाशाला दोन तृतीयांश किंवा एक तृतीयांश जागा देण्याचं, म्हणजे वाटणीचं. तेव्हा नियम मोडला की पाळला हे सोडून जागेचा हिशेब मांडा: "वरचं अर्धं आकाश एकसारखं राखाडी आहे, तिथे नजरेला थांबायला काही नाही. वरून पाव भाग कापलास तर धुक्याचा पट्टा मोठा होतो." बॅकवॉटरमध्ये हुबेहूब प्रतिबिंब असेल तर क्षितिज मधोमध असणंच योग्य. तिथे नियमाची आठवण करून देऊ नका.

पावसाळी फोटोंत सगळ्यात जास्त बिघडतो तो हिरवा. जुलै-ऑगस्टमधला डोंगर मुळातच हिरवाकंच असतो. त्यावर सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) आणि डीहेझ (धूसरपणा घालवणारा स्लायडर) चढवलं की तो प्लॅस्टिकसारखा पोपटी होतो आणि गवताच्या पात्यांमधला फरक पुसला जातो. "रंग जास्त झालेत" एवढंच न सांगता जागा दाखवा: "उजव्या उतारावरचं गवत एकाच पोपटी रंगाचं पत्र्यासारखं दिसतंय, कातळ मात्र नैसर्गिक आहे." उपाय सांगताना एक खाचखळगा ध्यानात ठेवा. गवताचा बराचसा रंग लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या हिशेबात पिवळ्यात मोडतो. नुसता हिरवा कमी करून फरक पडत नाही, म्हणून माणूस तो आणखी खाली ओढतो आणि झाडं करडी होतात. पिवळ्याचं सॅच्युरेशन १० ते २० ने कमी करून पाहायला सांगा, त्याची ल्युमिनन्स (उजळपणा) ५ ते १० ने उतरवायला सांगा, हिरव्याला हात शेवटी. आणि पुढच्या खेपेसाठी सीपीएल, म्हणजे लेन्सवर लावायचा पोलरायझर फिल्टर. ओल्या पानांवरची पांढरी चकाकी त्याने जाते आणि रंग मुळातच भरतो, एडिटमध्ये चढवावा लागत नाही.

याच सीपीएलचा एक दोषही ओळखता यायला हवा. सूर्यापासून ९० अंशांवरच्या आकाशात त्याचा परिणाम सगळ्यात जास्त, त्यामुळे १६ ते २० मिमीच्या वाइड लेन्सवर निळ्या आकाशात मधेच गडद पट्टा येतो. नवखे त्याला विन्येट, म्हणजे लेन्समुळे कोपऱ्यांत येणारा काळेपणा, समजतात.

आकाशाबद्दल बोलताना "जळलंय" म्हणण्याआधी हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, पाहा. लाइटरूमच्या डेव्हलप मॉड्यूलमध्ये कीबोर्डवरचं 'J' दाबलं की क्लिप झालेली, म्हणजे तपशील जाऊन निव्वळ पांढरी उरलेली जागा लाल दिसते. खुद्द सूर्यबिंब क्लिप होणारच, त्यावर बोलू नका. बिंबाभोवतीच्या ढगांत लाल डाग पसरला असेल तर मात्र बोला. डोंगराच्या कडेला पांढरी किनार दिसत असेल तर ती शॅडोज फार उचलल्याने किंवा आकाशाचं मास्क नीट न बसल्याने येते. "कळसाच्या डाव्या कडेला पांढरी किनार आहे, २०० टक्के झूम करून बघ" असं सांगा. ग्रॅज्युएटेड फिल्टर (फ्रेमचा वरचा भाग हळूहळू गडद करणारा) लावला असेल तर उलट होतं, आकाशात घुसलेला सुळका वरच्या अर्ध्यात अकारण काळा पडतो. तिथे ब्रशने फक्त सुळका उचलायला सांगा.

धबधब्यांच्या फोटोत शटर बघा. पाव ते एक सेकंदात पाण्याच्या धारा दिसतात, १/५०० च्या आसपास थेंब गोठतात. १/१५ ते १/६० च्या अधल्यामधल्या पट्ट्यात बऱ्याचदा पाणी ना वाहतं ना थांबतं, नुसतं हललेलं दिसतं. धारेचा जोर आणि अंतर यांवर हे आकडे सरकतात, म्हणून आकड्याने मोजू नका, दिसतंय काय ते सांगा. पाणी छान आणि पानं हललेली असतील तर उपाय दुसऱ्या फ्रेमचा आहे: ट्रायपॉड न हलवता आयएसओ वाढवून १/१२५ ला पानांसाठी एक, मग दोन्ही जोडायच्या.

फोकसबद्दल एकच. पुढचा कातळ आणि मागचा गड दोन्ही स्पष्ट हवे होते आणि त्याने एफ/२२ इतकं बारीक ॲपर्चर लावून काढला असेल, तर अख्खा फोटो मऊ झालेला असतो. एफ/११ ला फुल फ्रेमवर १६ मिमी लेन्सने साधारण ८० सेंमीवर फोकस केला तर हिशेबाने ४० सेंमीपासून अनंतापर्यंत चालून जातं. जास्त मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यांवर मात्र मागचा डोंगर जरा ढिला वाटतो, तेव्हा कातळ अगदी पायाशी नसेल तर दीड मीटरवर फोकस ठेवणं सुरक्षित. आणि समोरचा फोटो मोबाइलवर काढलेला असेल तर हा सगळा परिच्छेद गिळून टाका. बहुतेक फोनमध्ये ॲपर्चर बदलताच येत नाही. तिथे उभं राहण्याची जागा, वेळ आणि फ्रेम यांवरच बोलावं.

एक फोटो, पूर्ण अभिप्राय

समजा, फोटो राजगडाच्या बालेकिल्ल्यावरून काढलाय. पूर्वेला सुवेळा माची लांबवर गेलीय, दोन्ही बाजूंच्या दऱ्यांत ढग साचलेत, सूर्य नुकताच वर आलाय. अभिप्राय असा देता येईल:

"दादा, माझी नजर आधी सूर्यावर गेली, तिथून उजवीकडच्या ढगांत उतरली आणि मग खाली उजव्या कोपऱ्यातल्या फांदीवर अडकली. माचीवर मी सगळ्यात शेवटी पोचलो. तटबंदीवर डावीकडून पडलेलं तिरकं ऊन हा फोटोतला सगळ्यात सुंदर भाग आहे, तिथे प्रत्येक बुरूज सुटा दिसतोय. एडिटमध्ये तेवढं अजिबात बदलू नका. दोन गोष्टी त्याच्या आड येतात. एक, माचीचं टोक जिथे संपतं तिथेच मागचा काळा डोंगर येतो, त्यामुळे तिची लांबी कळत नाही. टोकामागच्या धुक्याचा भाग अर्धा स्टॉप (एक्सपोजरचं माप) उचलून बघा, टोक सुटेल. दोन, कोपऱ्यातली फांदी. उजवीकडून पाच टक्के कापली तर जाते आणि सूर्यही मध्यापासून जरा हलतो. पुन्हा गेलात तर सूर्योदयाच्या वीसेक मिनिटं आधीची एक फ्रेम घ्या, तेव्हा ढग निळसर असतात आणि सूर्य माचीशी स्पर्धा करत नाही. तुम्हाला माची दाखवायची होती की ढग?"

यात दोनच दोष आहेत, आणि दोन पुरेत. पाच सांगितले तर माणूस सगळ्यात सोपा तेवढा दुरुस्त करतो आणि महत्त्वाचा राहून जातो. फोटोत आणखी एक चूक होती, आकाशात सेन्सरवरच्या धुळीचे दोन ठिपके. ते याच मजकुरात मिसळू नयेत. स्वतंत्र ओळीत, खासगीत सांगावेत: "वर डावीकडे दोन डाग आहेत, प्रिंटआधी काढा." ठिपका हा रचनेचा दोष नाही, त्याची चर्चा करायची नसते.

स्तुती कुठे आहे तेही बघा. ती जागा धरून आहे आणि तिला काम आहे: काय बदलायचं नाही हे त्यातून कळतं. फोटो दुरुस्त करताना लोक बऱ्याचदा चांगला भागच आधी मारतात, कारण तो चांगला आहे हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. "मस्त, पण..." अशी सुरुवात केली की 'मस्त' वाया जातं. ऐकणारा 'पण'चीच वाट बघतो.

उपाय वेगवेगळे करून सांगा

काय आज एडिटमध्ये होईल, काय क्रॉपने होईल आणि कशासाठी पुन्हा जावं लागेल, हे स्पष्ट वेगळं करा. "प्रकाश सपाट आहे" हे एडिटमधून सुटत नाही, ते पुढच्या वारीचं काम. आपल्या अक्षांशावर सूर्य भरभर उतरतो. क्षितिजापासून ६ अंशांवर आल्यापासून मावळेपर्यंत जेमतेम २५ मिनिटं मिळतात. युरोपातल्या व्हिडिओंत दिसतो तसा लांबलेला सोनेरी प्रकाश धरून सल्ला देऊ नका. महिना सुचवत असाल तर दिशा धरा. मावळतीची जागा जूनमध्ये ठीक पश्चिमेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला आणि डिसेंबरात तेवढीच दक्षिणेला असते. म्हणजे जो सुळका ऑक्टोबरात बाजूने उजळतो, तो दुसऱ्या महिन्यात पूर्ण सावलीत असू शकतो. हवा स्वच्छ असते ती पाऊस ओसरल्यावर. मार्चनंतरच्या धूसर हवेत काढलेल्या फोटोला "लांबचे डोंगर स्पष्ट नाहीत" म्हणणं म्हणजे हवामानाला नावं ठेवणं. त्यापेक्षा डोंगरांच्या एकामागे एक फिक्या होत जाणाऱ्या रांगा हाच विषय करायला सुचवा.

आणि एक गोष्ट कधीच लिहू नका: "दोन पावलं पुढे जायला हवं होतं." कड्यावरचा फोटो घरी बसून बघताना समोर किती जागा होती हे तुम्हाला दिसत नाही. ओलं गवत आणि शेवाळलेला कातळ यांवरून पाय सरकतो. पुढचा फोटो काढायला तो तुमचं वाक्य आठवूनच जाईल. हवं असेल तर "फोकल लेंग्थ २४ ऐवजी ३५ घेऊन बघ" असं सांगा. फुलांच्या सड्यावर "फुलांत खाली बसून काढ" हे तसंच. तुडवलेली फुलं परत उभी राहत नाहीत, त्यामुळे लांब लेन्सने वाटेवरून काय करता येईल ते सुचवा. ड्रोनचा सल्ला गडकिल्ल्यांच्या बाबतीत परवानगीची गोष्ट काढल्याशिवाय देऊ नये.

दुसऱ्याचा फोटो स्वतः एडिट करून सगळ्यांसमोर टाकू नका. क्रॉप दाखवायचा असेल तर आधी विचारा, स्क्रीनशॉटवर चार रेघा मारा आणि त्यालाच पाठवा. तो फोटो त्याचा आहे. "मी असतो तर" हे शब्द आले की आपण त्याच्या फोटोवरून उठून आपला फोटो काढायला लागलेलो असतो.

"मुद्दामच केलंय" असं उत्तर आलं तर

वाद घालू नका, प्रमाण तपासा. एक-दोन अंशांचा कल मुद्दाम केलेला वाटत नाही, पंधरा अंशांचा वाटतो. पुढचा कातळ थोडासा काळा असेल तर चूक वाटते, पूर्ण सावलीचा आकार झाला तर निवड वाटते. म्हणून उत्तर असं द्या: "मुद्दाम असेल तर आणखी पुढे ने, सध्या ते अर्ध्यावर थांबलंय." हे ऐकून माणूस दुखावत नाही आणि बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी नवा एडिट घेऊन येतो. समोरासमोर बसून फोटो बघत असाल तर काढणाऱ्याला शेवटी बोलू द्या. त्याने आधीच "तेव्हा फार वारा होता" म्हटलं की सगळे हललेली पानं माफ करून टाकतात आणि खरा अभिप्राय मिळत नाही. वयाने किंवा अनुभवाने मोठ्या माणसाच्या फोटोवर बोलताना सूर मऊ ठेवा, मुद्दा मऊ करू नका. "सर, माझी नजर इथे अडकली" हे कुणालाही सांगता येतं.

नवा एडिट आला की जुना शेजारी ठेवून पुन्हा पाहा, नखाएवढा लहान करूनही. तुमचा क्रॉप करून फोटो खरंच सुधारलाय का? राजगडच्या त्या फोटोत उजवीकडून पाच टक्के कापल्यावर फांदी गेली, पण ढगांची उतरती रेघही मधेच तुटली, असं दिसू शकतं. तसं दिसलं तर लगेच कळवा: "क्रॉपचा माझा सल्ला चुकला, मूळ फ्रेमच ठेवा, फांदी हीलिंग टूलने पुसून काढा."